‘दत्तक’ बिबट्या म्हणजे नेमकं काय? प्राणिसंग्रहालयांच्या सुधारणेची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्यात प्राणिसंग्रहालयाचा विषय निघाला की दोन गोष्टी जोडीनेच येतात: पिंजऱ्यांऐवजी मोकळे अधिवास, आणि त्यांचा खर्च उचलणारे देणगीदार. पहिलीबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. घोळ आहे तो दुसरीत. पैसे देऊन प्राणी ‘दत्तक’ घ्या, असं देणगीदारांना सांगितलं जातं, आणि घोळाचं मूळ या ‘दत्तक’ शब्दातच आहे.

या भागाला बंदिवासातले प्राणी नवे नाहीत. १८८० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या पहिल्या भारतीय सर्कशीचे संस्थापक कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. त्या काळी वाघ-सिंह विकत मिळायचे, भेट दिले जायचे, आणि ठेवायचे कुठे हा प्रश्न नंतर यायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण नव्हतं. ते १९९१ च्या दुरुस्तीने आलं, आणि पुढच्याच वर्षी मान्यता देणारं केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालं. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर १९९८ मध्ये बंदी आली.

१९९१ च्या दुरुस्तीतल्या कलम ३८-आय कडे देणगीदारांचं सहसा लक्ष जात नाही. प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय प्राणिसंग्रहालयाला वन्यप्राणी घेता, विकता किंवा हलवता येत नाही, आणि हा व्यवहार मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्येच होतो. म्हणजे कोणी कितीही मोठी रक्कम दिली तरी ‘आमच्यातर्फे एक वाघ’ हे शक्य नाही.

मग दत्तक काय घेतात? एका प्राण्याचा ठरावीक मुदतीचा, बहुधा वर्षाचा, खाद्य आणि देखभालीचा खर्च. मालकी नाही, हाताळणी नाही, प्राणी कुठे ठेवायचा यात शब्द नाही. मराठीत दत्तक म्हणजे घरात घेणं, नाव देणं, वारस करणं. हा सगळा भार त्या शब्दाबरोबर येतो, आणि पावती हातात पडली की नाव ठेवण्याचा, वाढदिवसाला पिंजऱ्याजवळ जाण्याचा आग्रह सुरू होतो. ‘पोषण-प्रायोजक’ हा शब्द रुक्ष वाटेल, पण खरा आहे. दत्तक हा शब्द वगळायलाच हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिशेब सोपा आहे. पूर्ण वाढलेल्या बिबट्याला दिवसाला ४ किलो मांस आणि आठवड्यातून एक दिवस उपवास धरला, तर वर्षाला सव्वा टन मांस लागतं. बंदिवासात तो १८-२० वर्षं जगू शकतो. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी मात्र ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांना सोयीचा. अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पालाही पहिलं वर्ष सोडून ३ वर्षांची मर्यादा आहे. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्यातली, नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करण्याची अट मोठ्या कंपन्यांना आहे, सहकारी साखर कारखान्यांना नाही. आपल्याकडे पैसा फिरतो तो बराचसा सहकारातून. त्यामुळे इथे देणगी मिळते ती कायद्याच्या सक्तीने नाही, मनधरणीने. आणि ती जाते दिसणाऱ्या कामाला: कमान, काचेची दर्शन-गॅलरी, बाकडी.

न दिसणारं काम पाठीमागे असतं. २००९ च्या नियमांप्रमाणे बिबट्याच्या जोडीला बाहेरचं आवार किमान ५०० चौरस मीटर, आणि खाद्यखोली २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २ मीटर उंच लागते. प्रत्येक प्राण्याला स्वतंत्र खोली हवी, नाहीतर खाताना मारामारी ठरलेली. फरशीला नाल्याकडे उतार, बसायला लाकडी फळी, रखवालदाराच्या येण्याजाण्याला दुहेरी दार, उपचारासाठी स्क्वीझ केज, म्हणजे भिंत सरकवून प्राण्याला जागच्या जागी धरणारा पिंजरा. सरकतं दार बाहेरून ओढायचं असतं. त्याच्या खाचेत केस, हाडाचे तुकडे, माती अडकली की दार चार बोटं उघडं राहतं. रखवालदाराच्या जिवाला खरा धोका इथे आहे, आणि या खाचेवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

बिबट्या चढतो, म्हणून वाघाचा खंदक त्याला पुरत नाही. वरून जाळी लागते, आणि कुंपणालगतच्या फांद्या छाटत राहाव्या लागतात. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि उथळ पायावरची भिंत तडकते. हरणांच्या आवारात तीच माती चिखल होऊन खुरं कुजवते. तिथे मुरमाचा थर आणि चर काढल्याशिवाय इलाज नाही.

कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने बचाव केंद्रंही ‘प्राणिसंग्रहालय’ या व्याख्येत आली. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडणाऱ्या कराड-शिराळा पट्ट्यासाठी ही बाब मोठी आहे. पिल्लं आधी त्याच फडात ठेवून आईची वाट पाहायची असते. ती आलीच नाही, तरच केंद्र. अशा केंद्राला प्रेक्षक नसतात, त्यामुळे देणगीदारही मिळत नाहीत.

शेवटचा मुद्दा जागेचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. नदीकाठची बाग कितीही सुंदर असली तरी खाद्यखोल्यांचं जोतं त्या पूररेषेच्या वर हवं. वाहतुकीचे पिंजरे प्राण्यागणिक तयार असावेत, आणि उन्हाळ्यापासूनच त्यात खाणं ठेवून आत शिरायची सवय लावावी. पाणी दारात आल्यावर घाबरलेला बिबट्या अनोळखी पिंजऱ्यात जात नाही.