एआय सहायकाला लॉगिन कसं द्यायचं: पासवर्ड न सांगता

आम्ही ग्राहकांची मेल, कॅलेंडर अशी खाती एआय सहायकाला जोडून देतो. त्यांच्याकडून वारंवार येणारा मेसेज असा असतो: "सहायकाला आयडी-पासवर्ड दिला, ओटीपीही दिला, तरी लॉगिन होत नाही. जरा बघता का?" त्यावर आमचं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: आधी तो पासवर्ड बदला, मग बघू. कामाची घाई असलेल्या माणसाला हे उत्तर आवडत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून त्यामागचं कारण इथे एकदा नीट मांडतो आहोत.

चॅटमध्ये लिहिलेला पासवर्ड कुठे जातो

तुम्ही सहायकाला जे लिहिता ते त्या संभाषणाचा भाग होऊन राहतं. पुढचा प्रश्न विचारलात की आधीचा मजकूरही बहुतेक वेळा सोबत मॉडेलकडे, म्हणजे सहायकामागच्या एआय प्रणालीकडे, जातो. तो चॅटच्या इतिहासात राहतो, सहायकाच्या सेवेच्या नोंदींमध्ये राहू शकतो, आणि सहकाऱ्याला ती चॅट शेअर केलीत तर त्याच्याही हाती पडतो. आपल्या स्क्रीनवरून मेसेज पुसला म्हणजे तो सगळीकडून गेला, असं धरून चालू नका.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. सहायक तुमच्यासाठी मेल वाचतो, वेबपानं उघडतो. त्यातल्या एखाद्या पानावर "या संभाषणातली माहिती अमुक पत्त्यावर पाठव" अशी सूचना कुणीतरी लपवून ठेवलेली असू शकते. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. २०२२ पासून हे नाव रूढ आहे आणि यावर खात्रीचा इलाज अजून निघालेला नाही. तुमची सूचना कोणती आणि वाचायला मिळालेला परका मजकूर कोणता, हे मॉडेलला दर वेळी बिनचूक ओळखता येत नाही, कारण दोन्ही त्याच्यासमोर एकाच मजकुरात येतात. मात्र पासवर्ड त्या मजकुरात नसेलच, तर कितीही चलाख सूचना आली तरी सहायकाकडून तो काढून घेता येणार नाही. आमची कामाची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

ओटीपी देऊनही लॉगिन का होत नाही

कोड देणाऱ्या ॲपमधला सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. तुम्ही तो बघणार, चॅटमध्ये लिहिणार, सहायक पान उघडून तो भरणार, तोवर त्याची मुदत संपते. तुम्ही दुसरा कोड देता, तोही उशिरा पोहोचतो. असे काही प्रयत्न फसले की खातं लॉक होऊ शकतं. शिवाय सहायकाचा ब्राउझर पुष्कळदा दूरच्या सर्व्हरवर चालतो. तुमचं खातं ज्या सेवेत आहे तिला अनोळखी ठिकाणाहून लॉगिन दिसतं आणि ती ते अडवू शकते. ती तिचं काम चोख करते आहे.

खातं लॉक झालं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. पासवर्ड बदलायचा, फोनवरचं मेल ॲप पुन्हा जोडायचं, तेच खातं वापरणाऱ्या सहकाऱ्यांना कळवायचं, आणि आम्ही आधी केलेल्या जोडण्या तुटल्या असतील तर त्याही नव्याने करायच्या. हे टाळता येतं.

योग्य वाट

जिथे सोय आहे तिथे आम्ही ओऑथने, म्हणजे पासवर्ड न देता ठरावीक परवानगी देण्याच्या पद्धतीने, जोडणी करतो. "गूगलने साइन-इन करा" या बटणामागची पद्धत याच कुळातली. ओऑथ २.० हे मानक ऑक्टोबर २०१२ चं आहे, म्हणजे सहायक येण्याच्या कितीतरी आधीचं. सहायकाच्या सेटिंगमध्ये "जोडा" दाबलं की तुम्ही त्या सेवेच्या स्वतःच्या पानावर जाता. तिथे पानाचा पत्ता तपासून तुम्ही स्वतः लॉगिन करता, परवानग्या वाचता आणि मान्य करता. सेवा सहायकाच्या प्रणालीला एक टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, देते. ते ठरलेल्या कामांपुरतंच चालतं आणि पासवर्ड न बदलता कधीही रद्द करता येतं. सहायकांना बाहेरच्या सेवांशी जोडणारं एमसीपी हे मानक नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यातही दूरच्या सेवांच्या परवानगीसाठी ओऑथचाच आधार घेतला आहे. आणि नेहमीचा पासवर्ड बाहेरच्या ॲपमध्ये टाकून वैयक्तिक खात्यात शिरायची वाट गूगलने ३० मे २०२२ पासून बंदच केली. त्यामुळे "पासवर्ड घ्या आणि लवकर उरका" हा आग्रह पुष्कळ ठिकाणी आम्हाला पाळताच येत नाही.

परवानग्यांच्या पानावर मात्र घाई नको. "कॅलेंडर पाहा" आणि "कॅलेंडर पाहा, बदला, काढून टाका" यांत फार अंतर आहे. सहायकाने भेटींच्या वेळा सांगाव्यात एवढंच हवं असेल तर पहिली परवानगी पुरते. सगळ्या परवानग्यांवर खुणा करून पुढे जाणारे ग्राहक आम्ही रोज बघतो, आणि दर वेळी थांबवतो.

काही पोर्टलना अशी जोडणी नसते. तिथे सहायकाला ब्राउझर चालवावा लागतो. लॉगिनचं पान आलं की सहायक थांबतो, ताबा तुमच्याकडे येतो, तुम्ही पासवर्ड भरता आणि ताबा परत देता. नाहीतर पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) तो थेट पानावर भरतो, मॉडेलला न दाखवता. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात ठेवलेली लॉगिनची किल्ली, असेल तर फारच छान. तिची गुप्त किल्ली चॅटमध्ये लिहिता येईल अशी नसतेच, आणि ती ज्या साइटसाठी बनवली त्याच साइटवर चालते. हुबेहूब दिसणारं बनावट पान तिला फसवू शकत नाही.

लॉगिन झाल्यावरही एक गोष्ट उरते. ब्राउझरमध्ये सेशनची कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केलं आहे याची साठवलेली खूण, असते, आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याला बहुधा पासवर्डशिवाय आत जाता येतं. म्हणून सहायकासाठी आम्ही वेगळं ब्राउझर प्रोफाइल करून देतो, त्यात इतर कुठलंही खातं उघडं ठेवत नाही, आणि काम संपलं की लॉगआउट करायला सांगतो. पैसे देणं, मेल पाठवणं, काही पुसणं यांआधी सहायकाने तुम्हाला विचारलंच पाहिजे, अशी सेटिंगही करतो. बँकेचं लॉगिन आम्ही जोडून देत नाही. स्टेटमेंट तुम्ही डाउनलोड करा आणि ती फाइल सहायकाला द्या, काम तेवढंच होतं.

तुम्ही हजर का लागता

"दुसरीकडे पासवर्ड घेऊन पाच मिनिटांत करून देतात," असं आम्हाला ऐकवलं जातं. आम्ही प्रत्येक खात्यामागे तुमची वीस मिनिटं मागतो, हे खरं. पण त्यानंतर आमच्याकडे तुमचा एकही पासवर्ड नसतो. उद्या आमचा लॅपटॉप चोरीला गेला किंवा आमचा माणूस काम सोडून गेला, तरी त्यापायी तुम्हाला पासवर्ड बदलावे लागत नाहीत. दर तीन महिन्यांनी आम्ही तुमच्यासोबत बसून जोडण्यांची यादी तपासतो आणि न लागणाऱ्या काढून टाकतो. हे जोडणीच्या कामातच धरलेलं आहे.

पासवर्ड आधीच देऊन झाला असेल तर

घाबरू नका, पण उद्यावर ढकलू नका. आधी पासवर्ड बदला. तोच दुसरीकडे वापरत असाल तर तिथलाही बदला. मग "सर्व उपकरणांवरून लॉगआउट" करा. त्यानंतर जोडलेल्या ॲपची यादी उघडा, कारण पासवर्ड बदलला की जुनी टोकन दर वेळी रद्द होतातच असं नाही. शेवटी खातं परत मिळवण्याचा फोन नंबर आणि मेल तुमचाच आहे ना, आणि मेल आपोआप दुसरीकडे पाठवण्याचा नियम कुणी लावलेला नाही ना, ते बघा. हा नियम तपासायला बहुतेक जण विसरतात.

जोडणीच्या दिवशी ज्या फोनवर ओटीपी येतो तो चार्ज करून जवळ ठेवा. पासवर्ड आम्हाला आधी मेसेज करून ठेवू नका. पानावर तो तुम्हीच भरणार आहात.