सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आणि तीन बिघ्यांचा भाडेपट्टा

सिलिगुडीजवळ भारताची रुंदी जेमतेम २० ते २२ किलोमीटर उरते, हे आता स्पर्धा परीक्षेच्या पहिल्याच आठवड्यात पाठ होतं. दार्जिलिंग-गंगटोकच्या टूरवर निघालेली मराठी मंडळी बागडोगऱ्याला उतरतात ती याच पट्टीत. या पट्टीला ‘चिकन नेक’ म्हणतात, आणि ते नाव निघालं की गप्पांची गाडी चीन, चुंबी खोरं आणि २०१७ च्या डोकलामवर जाते. त्या बाजूबद्दल भरपूर लिहून झालंय. इथे थोडं दुसऱ्या बाजूबद्दल, म्हणजे दक्षिणेकडच्या सीमेबद्दल. माझ्या मते ईशान्य भारताचं नशीब या पट्टीच्या रुंदीने जितकं ठरवलं, त्याहून जास्त शेजारच्या फाटकाने, म्हणजे आजच्या बांगलादेशातून वाट मिळते की नाही याने ठरवलं. पट्टी अरुंद झाली १९४७ मध्ये, पण तिची खरी किंमत मोजावी लागली १९६५ नंतर.

फाळणीआधी आसाम हा कुठल्या कोपऱ्यातला प्रदेश नव्हता. आसामचा चहा रेल्वेने थेट चितगाव बंदरात उतरायचा, नाहीतर ब्रह्मपुत्रेतून स्टीमरने कलकत्त्याला जायचा. दार्जिलिंग मेल हार्डिंज पुलावरून, पार्वतीपूर करत सिलिगुडीला पोचायची, आणि हा सगळा मधला मुलूख आज बांगलादेशात आहे. सीमा आखली गेली तेव्हा उत्तर बंगालचे जिल्हे उरलेल्या पश्चिम बंगालपासूनही तुटले. त्यांना जोडणारा पट्टा १९५६ मध्ये बिहारकडून काढून घ्यावा लागला. इस्लामपूरचा भाग तेव्हापासून बंगालमध्ये आहे.

आसामसाठी नवी रेल्वे टाकणं भागच होतं. तराईतल्या नद्या आणि मलेरियाचं जंगल पार करत किशनगंज ते फकिराग्राम ही सुमारे २३० किलोमीटरची मीटरगेज जोडणी दोन वर्षांच्या आत उभी राहिली, आणि २६ जानेवारी १९५० पासून तिच्यावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. अभियंत्यांच्या या कामगिरीचं कौतुक व्हावं तेवढं झालेलं नाही. तरीही कलकत्त्याहून निघालेल्या माणसाला गंगा बोटीनेच ओलांडावी लागे, पलीकडे छोट्या रुळांवरची गाडी पकडावी लागे. फरक्क्याच्या धरणावरून रेल्वे जायला १९७१ उजाडलं.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या काळात जुने मार्ग पूर्णपणे मेले नव्हते. पूर्व पाकिस्तानातून स्टीमर चालू होते, काही रेल्वेमार्गही चालू होते. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात हे सगळं एका फटक्यात बंद पडलं. त्यानंतर आगरताळ्याहून कोलकात्याला जायचं तर उत्तरेला आसाम, मग सिलिगुडी, मग पुन्हा दक्षिणेला असा सुमारे १६०० किलोमीटरचा फेरा आला. बांगलादेशातून हेच अंतर ५०० च्या आसपास भरतं. त्रिपुरातलं सबरूम चितगाव बंदरापासून ७५ किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या लोकांनी अर्धशतकभर माल मागवला तो कोलकाता-हल्दियाहून.

आता त्या सीमेवरच्या एका जुन्या भांडणाकडे येऊ. हे भांडण उत्तर बंगालच्या सीमेवरच्या बेरुबारीचं आणि त्यातून निघालेल्या ‘तीन बिघा’ नावाच्या जागेचं. नकाशावर हा भाग टिंबाएवढाही दिसत नाही. पण देशाचा आकार ही काय भानगड असते आणि तो बदलायचा म्हटलं तर काय काय आडवं येतं, हे यातून जितकं कळतं तितकं डोकलाममधून कळत नाही.

जलपायगुडी जिल्हा फाळणीत फुटला, तोही पोलीस ठाण्यांच्या हद्दींवरून. सीमा आखणाऱ्या रॅडक्लिफच्या निवाड्याच्या मजकुरात रेषेचं वर्णन ठाण्याठाण्याने केलेलं होतं: तेतुलिया आणि राजगंज यांच्यामधली हद्द, पचागड आणि राजगंज, पचागड आणि जलपायगुडी, आणि मग देबीगंजच्या उत्तर कोपऱ्यावरून कूचबिहार संस्थानाची सीमा. यात बोदा हे ठाणं राहूनच गेलं. पचागड आणि देबीगंज यांच्या मधोमध असलेलं ठाणं वर्णनात नाही, म्हणजे तेवढ्या टप्प्यात रेषा कुठून जाते हे कागदावर नाही. मजकूर आणि सोबतचा नकाशा जुळले नाहीत तर मजकूर खरा मानावा, असंही निवाड्यातच लिहिलेलं. मजकुरातच ठाणं गाळल्यावर कोणी काय खरं मानायचं?

या फटीत सापडली बेरुबारी युनियन क्रमांक १२ (युनियन म्हणजे काही गावांचा गट). क्षेत्रफळ ८.७५ चौरस मैल. ती जलपायगुडी ठाण्यात असल्याने भारताने ती आपली धरली, आणि पहिली काही वर्षं कुणी हरकतही घेतली नाही. १९५२ मध्ये पाकिस्तानने ती आपली असल्याचं म्हणायला सुरुवात केली. १९५८ मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी बसून तोड काढली: अर्धी तुमची, अर्धी आमची. सोबत कूचबिहारच्या छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या गावखंडांची, अदलाबदलही ठरली.

दिल्लीत बसून ही तडजोड शहाणपणाची दिसली असेल. बेरुबारीत मात्र आधीच पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित राहत होते, आणि त्यांना आता दुसऱ्यांदा पाकिस्तानात जाण्याची पाळी आली होती. या वेळी तर त्यांनी जागचं न हलताच. पश्चिम बंगालच्या विधिमंडळाने विरोधाचा ठराव केला. सरकारचं म्हणणं असं की आम्ही जमीन देत नाही, फक्त मूळ सीमा कुठे होती ते निश्चित करतोय, त्याला कायदा लागत नाही. हा युक्तिवाद मला तेव्हाच्या कागदपत्रांतला सगळ्यात चलाख वाटतो. तो टिकला नाही. राष्ट्रपतींनी मागितलेल्या मतावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये सांगितलं की हा सरळसरळ भूभाग देऊन टाकण्याचा व्यवहार आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्तीच हवी, साधा कायदा पुरणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस नववी घटनादुरुस्ती झाली. पण बेरुबारीपुरती ती कधी अमलात आलीच नाही. आधी कोर्टकचेऱ्या, मग युद्ध, आणि शेवटी १९७१ मध्ये समोरचा देशच बदलला.

मे १९७४ चा करार बांगलादेशाशी झाला. त्यात बेरुबारी युनियनचा दक्षिणेकडचा अर्धा भाग भारताने ठेवायचा, आणि बदल्यात दहाग्राम-अंगारपोता हा भारताच्या पोटात अडकलेला सुमारे १९ चौरस किलोमीटरचा तुकडा बांगलादेशाने ठेवायचा, असं ठरलं. दहाग्रामच्या लोकांना आपल्या मुख्य देशात जाता यावं म्हणून तीन बिघा इथली १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद जागा भारताने कायमच्या भाडेपट्ट्याने द्यायची. बांगलादेशाने त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त करून बेरुबारीवरचा हक्क सोडला. आपण मात्र ती १७८ मीटरची वाट द्यायला १८ वर्षं घेतली.

अडलं ते ‘कायमचा भाडेपट्टा’ या दोन शब्दांवर. जागा कायमची दिली तर ती विकल्यासारखीच नाही का? मग १९६० च्या न्यायाने पुन्हा घटनादुरुस्ती नको? १९८२ मध्ये अटी आणखी स्पष्ट झाल्या: सार्वभौमत्व भारताचंच राहील, भाडं वर्षाला एक बांगलादेशी टका, आणि तेही भारताने माफ केलेलं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा भाडेपट्टा म्हणजे भूभाग सोडणं नव्हे, सबब दुरुस्तीची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीने फरक बरोबर आहे. पण ८.७५ चौरस मैलांच्या निम्म्या भागासाठी घटना बदलावी लागते आणि दीड हेक्टर जागा ‘कायमची’ देताना ती लागत नाही, हे सामान्य माणसाला पटवून देणं कठीणच होतं.

विरोधकांची भीती पोकळ होती असं मी म्हणणार नाही. तीन बिघ्याच्या दक्षिणेला भारताचाच कुचलिबारी हा भाग आहे. दहाग्रामची वाट पूर्व-पश्चिम जाते आणि कुचलिबारीची मेखलीगंजकडे जाणारी वाट तिला काटून उत्तरेला जाते. एक वाट उघडली तर दुसरी बंद, म्हणजे दहाग्रामची सुटका होताना आपणच छिटमहाल होऊ, असं कुचलिबारीकरांना वाटत होतं. आंदोलनं झाली, वातावरण चांगलंच तापलं. अखेर २६ जून १९९२ ला फाटक उघडलं, तेही दिवसा एक तास चालू, एक तास बंद या हिशोबाने. पुढे दिवसाचे बारा तास झाले. संध्याकाळी कुलूप. रात्री दहाग्राममध्ये कुणा बाईला कळा सुरू झाल्या तर बांगलादेशातल्या पाटग्रामच्या दवाखान्याआधी सकाळची वाट पाहायची. फाटक चोवीस तास उघडं राहू लागलं ते ऑक्टोबर २०११ पासून. भारतीय रस्ता आणि त्यांचा रस्ता अजूनही तिथे एकमेकांना काटतात, आणि चौकात वाहनं थांबवणारे-सोडणारे जवान भारताचे असतात.

बाकीच्या छिटमहालांची गोष्ट २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीने मिटली. भारताची १११ आणि बांगलादेशाची ५१ गावखंडं ३१ जुलैच्या मध्यरात्री अदलाबदल झाली. त्यात सुमारे ५१ हजार माणसं होती. यातले जेमतेम हजारभर लोक घरदार सोडून भारतात आले, बाकीच्यांनी आहे तिथेच राहून नागरिकत्व बदललं. राजा-नवाबांनी बुद्धिबळात गावं हरली-जिंकली ही दंतकथा तोंडी लावायला बरी आहे. खरा उगम मुघल आणि कूचबिहार यांच्यातल्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या तहात सापडतो.

हे सगळं इतकं लांबवून सांगण्याचं कारण असं की दहाग्रामची कोंडी आणि त्रिपुराची कोंडी एकाच जातीची आहे. एकीकडे भारत फाटकाच्या आतला, दुसरीकडे बाहेरचा. तीन बिघ्यात आपण तास मोजून वाट देत होतो आणि त्याच काळात ढाक्याकडे आपल्या मालासाठी वाट मागत होतो. ढाक्यातल्या कुणालाही हे दिसत नव्हतं असं समजणं भाबडेपणाचं आहे.

वाट मिळायला लागली तीही तुकड्या-तुकड्यांनी. त्रिपुरातल्या पालाटाणा वीजप्रकल्पाची अवजड यंत्रं सिलिगुडीच्या मार्गाने नेणं अशक्य होतं. ती २०११-१२ मध्ये नदीतून बांगलादेशातल्या आशुगंजला आणि तिथून रस्त्याने आखाउड्याला नेली. पूल कमकुवत म्हणून पर्यायी रस्त्यासाठी तीतास नदीच्या पात्रात भराव टाकले गेले, आणि त्यावरून बांगलादेशात मोठा गदारोळ झाला. मोबदला म्हणून त्रिपुरातून १०० मेगावॅट वीज तिकडे जाऊ लागली, २०१६ पासून. त्याच वर्षी पावसाळ्यात आसाम-त्रिपुरा रस्ता चिखलात रुतला तेव्हा इंधनाचे टँकरही बांगलादेशातून न्यायची परवानगी मिळाली. नंतर चितगाव-मोंगला बंदरांचा करार, १९६५ मध्ये बंद पडलेल्या हल्दीबाडी-चिलाहाटी रेल्वेची २०२० मध्ये पुन्हा सुरुवात, २०२१ मध्ये फेनी नदीवरचा पूल, २०२३ मध्ये आखाउडा-आगरताळा रेल्वे. जून २०२४ मध्ये तर भारतीय मालगाड्यांनी बांगलादेशातून थेट उत्तर बंगालला जावं इथपर्यंत चर्चा पोचली होती.

दोन महिन्यांत ढाक्यातलं सरकार गेलं. सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या त्याआधी जुलैमध्येच थांबल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये तिथल्या हंगामी सरकारचे प्रमुख चीनमध्ये म्हणाले की ईशान्य भारताला समुद्र नाही आणि या टापूत समुद्राचे राखणदार आम्हीच. पुढच्याच महिन्यात भारताने बांगलादेशी मालाला भारतीय विमानतळ-बंदरांतून तिसऱ्या देशात जाण्याची दिलेली सवलत काढून घेतली. आसामच्या मुख्यमंत्र्यांनी बांगलादेशालाही दोन ‘चिकन नेक’ आहेत याची आठवण करून दिली.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस शिलाँगजवळून सिलचरजवळ जाणारा १६६ किलोमीटरचा महामार्ग मंजूर झाला. तो पुढे मिझोराममधून म्यानमारच्या सित्तवे बंदराशी, म्हणजे २००८ पासून रखडलेल्या कलादान प्रकल्पाशी जोडायचा आहे. बंदर तयार आहे, मे २०२३ मध्ये पहिलं जहाज लागलंही. मधला, म्यानमारमधल्या पालेटवापासून मिझोराम सीमेवरच्या झोरिनपुईपर्यंतचा रस्ता अपुरा आहे, आणि पालेटवा जानेवारी २०२४ पासून म्यानमार सरकारच्या नव्हे, अराकानच्या बंडखोरांच्या हातात आहे.