दहापैकी किती?

परळच्या पालिका रुग्णालयातली सकाळची ओपीडी. घरकाम करून कंबर धरलेल्या बाईला रेसिडेंट डॉक्टर विचारतो, “मावशी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?” मावशी आकडा सांगतच नाहीत. “बसलं की ठणकतं, उठताना चमक निघते, आणि रात्री पायात नुसती आग.” केसपेपरवर सात लिहिलं जातं. डॉक्टरचं मराठी हिंदीच्या आधाराने चालणारं असेल, तर ठणका, चमक आणि आग या तिघींचं मिळून एकच ‘दर्द’ होतं.

या आकड्यामागचा इतिहास लांबचा आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मरणोत्तर, १६६४ मध्ये छापल्या गेलेल्या पुस्तकात वेदनेची कल्पना घंटेच्या दोरीसारखी आहे: पायाला चटका बसला की खालून दोरी ओढली जाते आणि वर मेंदूत घंटा वाजते. म्हणजे जितकी इजा तितकं दुखणं. याचीच दुसरी बाजू अशी की इजा दिसली नाही तर दुखणंही खोटं. घरात ‘हिचं नेहमीचंच आहे’ म्हणून किती कंबरा या हिशोबात निकालात निघाल्या असतील!

हिशोब चुकतोय हे दुसऱ्या महायुद्धात दिसलं. हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर पाहिलं, की गंभीर जखमी सैनिकांपैकी बरेच जण वेदनाशामक मागतच नव्हते. त्याच काळात जॉन बोनिका लष्करी रुग्णालयात काम करत होता. हा गडी पेशाने भूलतज्ज्ञ आणि शिक्षणाचा खर्च भागवायला कुस्ती खेळलेला. कुस्तीतल्या दुखापती त्याला जन्मभर पुरल्या. न थांबणाऱ्या दुखण्याचे रुग्ण या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे फिरत राहतात, हे पाहून सगळ्यांनी एकत्र बसून रुग्ण तपासावा असा आग्रह त्याने धरला. आजची पेन क्लिनिकं त्यातूनच आली.

१९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी देकार्तची ती दोरीच कापली. त्यांच्या मते मज्जारज्जूत एक फाटक असतं. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तेव्हा स्पर्शाचे संदेश ते फाटक थोडं लोटून घेतात, आणि वरून मेंदूही ते कमीजास्त उघडतो. तपशील पुढे बदलले, गाभा टिकला. १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ या संशोधकाने दाखवलं, की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होऊ शकतात. मग साधा स्पर्शही झोंबतो. तीन महिन्यांपलीकडे रेंगाळणाऱ्या अनेक दुखण्यांत जखम भरलेली असते, पण यंत्रणा हळवीच राहते.

म्हणून एमआरआयवर फार विसंबून चालत नाही. ‘मणक्यातली गादी झिजलीय’ हा रिपोर्ट ऐकून माणूस निम्मा खचतो. पण २०१५ च्या एका आढाव्यानुसार कंबर न दुखणाऱ्यांतही विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात.

मोजण्याचं काय? मेल्झॅकनेच १९७५ मध्ये प्रश्नावली आणली, तीही शब्दांची: वेदनेची ७८ विशेषणं, २० गटांत. शून्य ते दहाची पट्टी सोपी, झटपट, आणि औषधाने उतार पडला का हे पाहायला उत्तम. मात्र दुखणं कुठल्या जातीचं आहे हे ती सांगत नाही. आग, मुंग्या, करंट लागल्यासारखं हे शब्द आले की डॉक्टरला नसेच्या दुखण्याचा संशय येतो, आणि तिथे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. इथे तर मराठी श्रीमंत आहे: कळ, शिणक, उसण, ठसठस, सल. सल तर काट्याचाही असतो आणि मनाचाही. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने १९७९ मध्ये वेदनेला ‘संवेदनेचा आणि भावनेचा’ अनुभव म्हटलं, ते आपल्या शब्दात आधीच होतं.

त्याच संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली आणि सोबतच्या टिपणात लिहिलं, की रुग्ण दुखतंय म्हणतो त्याचा मान राखावा. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणात दीर्घकालीन वेदनेला स्वतःचा संकेतांक मिळाला. मावशींच्या केसपेपरवर अजून सातच आहे. रात्रीची आग कागदावर आलेली नाही.