मद्यप्राशन करून वाहन चालविणे : गुन्हा, बचाव व परिणाम

मद्याच्या अंमलाखाली सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविणे किंवा चालविण्याचा प्रयत्न करणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खालील गुन्हा आहे. बोलीत व पोलिसी व्यवहारात त्याला ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ म्हणतात. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल चाचणीत आढळल्यास गुन्हा पूर्ण होतो. वाहन वेडेवाकडे चालले होते किंवा कोणाला इजा झाली, हे सिद्ध करावे लागत नाही. अमली पदार्थांच्या अंमलाविषयी याच कलमात वेगळा खंड असून त्याचा विचार येथे केलेला नाही. नोंदीतील स्थानिक तपशील नागपूर शहरासंबंधी आहेत.

कायद्याची घडण : इंग्लंडच्या १८७२ च्या मद्य परवाना कायद्यात घोडा किंवा घोडागाडी ताब्यात असताना झिंगलेल्या इसमाला शिक्षा होती. मोटार चालविणाऱ्याला या कारणाने झालेली पहिली शिक्षा सामान्यतः १८९७ ची, लंडनमधील एका टॅक्सीचालकाची मानली जाते. भारतात १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ ने वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत मद्याचा अंमल ही कसोटी घातली. ती साक्षीपुराव्यावर अवलंबून होती आणि तोंडाचा वास, डोळ्यांची लाली, चालण्यातील झोक यांवर वैद्यकीय अधिकारी मत देत असे. १९८८ च्या अधिनियमाने आधी रक्तातील अल्कोहोलचे कितीही अल्प प्रमाण गुन्ह्यास पुरेसे मानले. १९९४ च्या दुरुस्तीने त्याऐवजी ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली आणि ‘श्वास विश्लेषकाने केलेल्या चाचणीत’ हे शब्दही त्याच वेळी आले.

या शब्दांवरून पुढे बराच काथ्याकूट झाला. श्वास विश्लेषकाची चाचणी न करता केवळ रक्ततपासणीवर दोषसिद्धी होऊ शकते काय, हा प्रश्न होता. दंडविषयक कायद्याचा अर्थ काटेकोर लावावा, म्हणून श्वासचाचणी अनिवार्य आहे, असा एक पक्ष. कलमे १८५, २०३ (श्वासचाचणी) व २०४ (रक्ततपासणी) एकत्र वाचली तर प्रयोगशाळेतील चाचणीही कायद्याला अभिप्रेतच आहे, असा दुसरा. कलम २०४ चे रक्ततपासणीविषयक शब्द पाहता दुसरा पक्ष अधिक समंजस वाटतो; अन्यथा ते कलम जवळजवळ निरर्थक ठरले असते. २०१९ च्या दुरुस्तीने ‘किंवा प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणत्याही चाचणीत’ अशी भर घालून वाद संपविला. मात्र त्याआधीच्या घटनांच्या खटल्यांत तो अजून उपस्थित होऊ शकतो.

महाराष्ट्रात याला समांतर असा दारूबंदीचा कायदा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम (आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भालाही लागू झाला. तत्पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडचा स्वतंत्र दारूबंदी कायदा होता. मुंबई अधिनियमात रक्तातील ०.०५ टक्के अल्कोहोलनंतर पुराव्याचा भार आरोपीवर सरकतो. ही मर्यादा मोटार वाहन कायद्यापेक्षा सैल असल्याने दोन्ही आकड्यांची गल्लत होते. नागपूरलगतच्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे. त्यामुळे वर्धा मार्गावरील कारवाईत कधी कधी दोन्ही कायदे एकाच प्रकरणात येतात.

श्वासचाचणी : नाकाबंदीत वापरले जाणारे यंत्र रक्त तपासत नाही, ते फुप्फुसाच्या खोल भागातून आलेल्या हवेतील अल्कोहोल मोजते आणि ठरावीक गुणकाने रक्तातील प्रमाण दाखविते. रूढ गुणक २,१०० आहे, म्हणजे २,१०० मिलिलिटर श्वासात जितके अल्कोहोल, तितके १ मिलिलिटर रक्तात असे गृहीत धरले जाते. ३० मिलिग्रॅमची मर्यादा श्वासात लिटरमागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम इतकी येते. परंतु गुणक व्यक्तीगणिक, शरीराच्या तापमानानुसार आणि मद्य शोषले जात आहे की उतरत आहे यानुसार बदलतो. ब्रिटनच्या कायदेशीर मर्यादांतून तो सुमारे २,३०० निघतो. यंत्राने ३४ दाखविले आणि त्या व्यक्तीचा खरा गुणक १,८०० असला, तर रक्तातील प्रत्यक्ष प्रमाण २९ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत येते. हा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असला तरी कलमात श्वासचाचणीतील निष्कर्षच ग्राह्य धरलेला असल्याने त्याचे वजन मर्यादित राहते, आणि वाचन ९० किंवा १२० असताना तो हास्यास्पद ठरतो.

त्याहून उपयुक्त मुद्दा तोंडात उरलेल्या अल्कोहोलचा आहे. नुकताच घेतलेला घोट, माउथवॉश, काही होमिओपॅथिक अर्क किंवा ढेकर यांमुळे पहिले वाचन अवास्तव वाढू शकते. म्हणून पंधरा मिनिटे थांबून दुसरी फुंक घेणे ही शास्त्रमान्य पद्धत आहे. कलम २०३ मध्ये श्वासाचे एक किंवा अधिक नमुने मागण्याचा उल्लेख असल्याने दुसऱ्या नमुन्याची विनंती कायद्याशी सुसंगत ठरते. स्वस्त अर्धवाहक संवेदकांना मधुमेही व्यक्तीच्या श्वासातील अ‍ॅसिटोन चकवू शकते, इंधनघट (फ्युएल सेल) प्रकारच्या संवेदकांना सहसा नाही. याशिवाय, श्वासचाचणी म्हणजे केंद्र सरकारने राजपत्रातील अधिसूचनेद्वारे मान्यता दिलेल्या प्रकारच्या यंत्राने केलेली चाचणी, अशी कलम २०३ खालील स्पष्टीकरणात व्याख्या आहे. त्यामुळे यंत्राचा प्रकार, क्रमांक, अंशांकनाची (यंत्राची अचूकता जुळवून घेतल्याची) तारीख आणि छापील चिठ्ठीवरील वेळ हे तपशील सरकार पक्षाने दाखल केले आहेत किंवा नाहीत, हे बचावाच्या वकिलाने सर्वप्रथम पाहावयाचे असते.

अटक व रक्ताचा नमुना : कलम २०२ नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी आपल्या समक्ष घडलेल्या या गुन्ह्याबद्दल वॉरंटशिवाय अटक करू शकतो, मात्र अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी न झाल्यास आरोपीला सोडावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे. नागपुरात अशी तपासणी सामान्यतः ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांत होते आणि रासायनिक विश्लेषण धंतोली भागातील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. शरीराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या काथी कालू ओघड प्रकरणातील विवेचनापासून मानले जाते. तेव्हा नकार हा बचाव नाही. उलट वाजवी कारणाशिवाय श्वास वा रक्त देण्यास नकार दिल्यास तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारा समजता येतो, असे कलम २०५ सांगते.

दारूबंदी अधिनियमाखालील १९५९ चे वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियम आजही मार्गदर्शक आहेत. त्यांनुसार किमान ५ घनसेंटीमीटर शिरेतील रक्त घ्यावयाचे, त्वचा पुसताना स्पिरिट वापरावयाचे नाही, रक्त गोठू न देणारे व टिकविणारे द्रव्य असलेल्या कुपीत ते भरून मोहोरबंद करावयाचे आणि सात दिवसांच्या आत चाचणी अधिकाऱ्याकडे पाठवावयाचे असते. टिकविणारे द्रव्य, बहुधा सोडियम फ्लोराइड, नसेल तर उष्ण हवेत सूक्ष्मजंतूंमुळे कुपीतच अल्कोहोल तयार होऊ शकते किंवा असलेले घटू शकते. नागपूरच्या मे महिन्यात ही शक्यता केवळ पुस्तकी राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी अभिनेता सलमान खान यांची २००२ च्या वांद्रे अपघात प्रकरणातून मुक्तता केली, तेव्हा रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीतील उणिवाही विचारात घेतल्या होत्या. त्याआधी १९७१ मध्ये बच्चूभाई कर्याणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या व असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्त किंवा लघवीची तपासणी नसताना, मद्यप्राशन सिद्ध मानण्यास नकार दिला होता.

नमुन्याला उशीर झाला तर काय, यावर मतभेद आहेत. स्वीडिश शास्त्रज्ञ विडमार्क यांच्या १९३२ च्या सुमाराच्या मांडणीवरून रक्तातील अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते, असे धरून मागे गणित करता येते. समजा, रात्री ११ वाजता थांबविलेल्या चालकाच्या दीड वाजता घेतलेल्या रक्तात २४ मिलिग्रॅम आढळले, तर वाहन चालविताना प्रमाण सुमारे ६१ असावे. परंतु उतरण्याचा वेग ताशी १० ते २५ पर्यंत असू शकत असल्याने उत्तर ४९ पासून ८६ पर्यंत कोठेही पडते, आणि शेवटचा पेला निघण्यापूर्वी नुकताच संपविला असेल तर मागे मोजण्याची पद्धतच लागू पडत नाही. फौजदारी खटल्यात अशा गणितावर एकट्याने विसंबणे धोक्याचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

बचावाची दिशा : वरील तांत्रिक मुद्द्यांखेरीज वस्तुस्थितीवरील बचाव थोडे आहेत. आरोपी खरोखर चालवीत होता काय, की उभ्या गाडीत नुसता बसला होता. जागा सार्वजनिक होती काय. यंत्रावरील चिठ्ठी त्याचीच होती काय, असे ते आहेत. नाकाबंदीचे चित्रीकरण पुरावा म्हणून आल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र आवश्यक असते. शासकीय रासायनिक विश्लेषकाचा अहवाल साक्षीशिवाय वाचता येतो. तथापि विश्लेषकाला उलटतपासणीसाठी बोलावण्याची विनंती न्यायालयाला करता येते.

हा गुन्हा कलम २०० खालील तडजोडयोग्य गुन्ह्यांत नाही. म्हणून हेल्मेट किंवा सिग्नलच्या ई-चालानप्रमाणे तो रस्त्यावर वा मोबाइलवर पैसे भरून मिटत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर व्हावेच लागते. पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल’ म्हणून दंड भरून मोकळे होण्याकडे आरोपींचा कल दिसतो. कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील, शिक्षेचे प्रमाण वा वैधता सोडल्यास, करता येत नाही, आणि पुढच्या वेळचा गुन्हा ‘दुसरा’ ठरतो, या दोन गोष्टी त्या वेळी फारशा कोणी सांगत नाही.

परिणाम : १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि नंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पूर्वी हे दंड अनुक्रमे २,००० व ३,००० रुपयांपर्यंत होते. यांत दंडाची रक्कम हाच सर्वांत हलका भाग म्हणावा लागेल. कलम २० खाली दोषसिद्धीनंतर न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्र ठरवावयाचे असते. ट्रक, बस वा टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याची उपजीविका तेवढा काळ थांबते. कलम १८८ प्रमाणे गुन्ह्याला चिथावणी देणाराही शिक्षेस पात्र असल्याने, मद्यधुंद मित्राच्या हाती किल्ली देणारा मालकही सुटत नाही.

अपघातात मृत्यू झाल्यास प्रकरण वेगळे वळण घेते. बेदरकारपणे मृत्यूस कारणीभूत होणे (भारतीय न्याय संहिता, कलम १०६) की सदोष मनुष्यवध (कलम १०५), हा मुख्य प्रश्न असतो. अ‍ॅलिस्टर परेरा व संजीव नंदा या २०१२ च्या दोन निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने मद्यपी चालकांना जुन्या दंड संहितेतील कलम ३०४ चा (सदोष मनुष्यवध) दुसरा भाग लागू केला. नागपुरात फेब्रुवारी २०२४ मधील रामझुला अपघातानंतरही आधीच्या जामीनपात्र कलमांत सदोष मनुष्यवधाचे कलम नंतर जोडले गेले.

विम्याच्या बाबतीत, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या पर्ल बेव्हरेजेस निर्णयात श्वास वा रक्तचाचणी नसतानाही इतर परिस्थितीवरून मद्याचा अंमल सिद्ध करण्याची मुभा कंपनीला देण्यात आली. म्हणजे फौजदारी न्यायालयात संशयाचा फायदा मिळवून सुटलेला चालक विमा दाव्यात हरू शकतो. खटला प्रलंबित असताना पारपत्रासाठी पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम ६ मुळे न्यायालयाची परवानगी लागू शकते.