प्रथिनांचे द्रव्यमान वर्णपटीय विश्लेषण

प्रथिने किंवा त्यांचे तुकडे (पेप्टाइडे) आयनरूपात आणून, द्रव्यमान व विद्युत् भार यांच्या गुणोत्तरावरून ती ओळखण्याची पद्धत. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘मास स्पेक’. उपकरण महाग व हाताळणी कसबाची असल्याने ते बहुधा संस्थेच्या मध्यवर्ती सुविधेत असते आणि संशोधक तेथे नमुने पाठवितात.

मूळ तंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. जे. जे. टॉमसन यांना निऑनचे दोन समस्थानिक त्याच मार्गाने, साधारणतः १९१२-१३ मध्ये, आढळले. मात्र मोठ्या प्रथिनाचा रेणू अखंड राखून वायुरूपात नेणे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सहजी साधत नव्हते. या टप्प्याच्या श्रेयाविषयी एकमत नाही. कोइची तानाका यांनी कोबाल्टची अतिसूक्ष्म भुकटी ग्लिसरॉलमध्ये मिसळून लेसरच्या साहाय्याने प्रथिनांचे आयन मिळविले (१९८७-८८). मिखाएल कारास व फ्रान्झ हिलेनकाम्प यांनी लेसरचा प्रकाश शोषणारे सेंद्रिय आधारद्रव्य वापरण्याची कल्पना १९८५ मध्येच मांडली होती. मोठ्या प्रथिनांवरील त्यांचे निष्कर्ष १९८८ चे आहेत. जॉन फेन यांची विद्युत्-फवारा पद्धतही (द्रावणाचे विद्युत् भारित सूक्ष्म थेंब फवारून आयन मिळविण्याची) त्याच सुमाराची; तिचे बीज माल्कम डोल यांच्या १९६८ मधील प्रयोगांत दिसते. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा हिस्सा फेन व तानाका यांना विभागून मिळाला. प्रथिनांपुरता कालक्रम पाहिल्यास तानाका यांचा मान पहिला ठरतो. परंतु ‘माल्डी’ (आधारद्रव्याच्या साहाय्याने लेसरने आयन मिळविण्याची पद्धत) या नावाने आज जे रूढ आहे ते कारास-हिलेनकाम्प यांच्या वाटेने आले, हे नजरेआड करता येत नाही.

नित्याच्या कामात प्रथिन ट्रिप्सिनने तोडतात. हे विकर लायसीन व आर्जिनीन या अमिनो अम्लांच्या पुढील बंध तोडते (पुढे प्रोलीन हे अमिनो अम्ल असल्यास सहसा नाही), त्यामुळे तुकड्यांचे द्रव्यमान आधीच गणिताने काढता येते. ते तुकडे उपकरणात पुन्हा फोडून मिळालेला वर्णपट प्रथिनांतील अमिनो अम्लांच्या ज्ञात अनुक्रमांच्या संग्रहाशी ताडतात. त्या संग्रहात मुद्दाम खोटे अनुक्रम मिसळून चुकीच्या जुळण्यांचे प्रमाण अजमावतात. ते १ टक्क्याच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. फॉस्फेट गट जोडला गेल्यास द्रव्यमान सुमारे ८० डाल्टनांनी (डाल्टन हे रेणूंच्या द्रव्यमानाचे एकक) वाढते, म्हणून असे बदलही टिपता येतात. ल्यूसीन व आयसोल्यूसीन या अमिनो अम्लांचे द्रव्यमान मात्र तंतोतंत सारखे असल्याने ती एरवीच्या पद्धतीने वेगळी ओळखता येत नाहीत.

निकालाचा दर्जा यंत्राइतकाच नमुन्यावर ठरतो. एसडीएससारखे अपमार्जक पेप्टाइडांचे संकेत दाबून टाकते. हाताळणाऱ्याच्या त्वचेतील केराटीन हे प्रथिन तर ओळखलेल्या प्रथिनांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत डोकावते. यादीत एखादे प्रथिन नाही, यावरून ते नमुन्यात नव्हते असे ठरत नाही. अत्यल्प प्रमाणातील प्रथिने विपुल प्रथिनांआड झाकली जातात. रक्तद्रवातील प्रथिनांत अल्ब्युमीन एकटेच निम्म्याच्या आसपास भरते, म्हणून तेथे ते आधी काढून टाकावे लागते.