सेल्फ फिरतोय, पण डिझेल गाडी धरत नाही: आधी सायलेन्सर बघा

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, अशी गाडी आमच्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा तिची बॅटरीही उतरलेली असते, कारण घरी पंधरा-वीस वेळा सेल्फ मारून झालेला असतो. मूळ दोष एखाद्या सैल क्लिपचा असला तरी बॅटरी आणि सेल्फ मोटरचा खर्च वर बसतो. म्हणून एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. तीन वेळा मारून गाडी धरली नाही तर सेल्फ मारणं बंद करा.

दोन प्रसंगांत मात्र सेल्फ अजिबात मारायचा नाही. चुकून पेट्रोल भरलं असेल तर चावीसुद्धा फिरवू नका. डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं. दुसरं, इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरात भुर्रकन फिरत असेल तर टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) तुटल्याची शक्यता असते. प्रत्येक फेरीला व्हॉल्व्ह वाकायचा धोका, म्हणून लक्षात येताच थांबा आणि गाडी टो करूनच आणा.

धूर काय सांगतो

एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सायलेन्सर बघायचा. अर्धं निदान इथेच होतं.

पांढरा किंवा राखाडी धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय, पण पेट घेत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच ते पेटतं. ती उष्णता कमी पडते ती इंजिन हळू फिरल्यामुळे, हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) गेल्यामुळे किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, कमी झाल्यामुळे. आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर इंजिन फिरल्यासारखं दिसतं, पण पुरेसा वेग येत नाही, आणि ईसीयूलाही (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाही) वीज अपुरी पडते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी साफ करून घट्ट करा.

हीटर प्लगवर संशय लगेच जातो, पण आपल्या हवेत तो क्वचितच एकटा दोषी असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या खाली जातो तेव्हा एक-दोन प्लग गेलेली गाडी थरथरत, धूर सोडत का होईना, बहुधा सुरू होते. जुन्या इंडिका, सुमोसारख्या गाड्यांना मात्र प्लग खरोखरच लागतात.

अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल आतच पोचत नाही. बहुतेक गाड्या याच गटातल्या असतात.

धूर नसेल तर

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो का? लागतच नसेल तर ईसीयूला वीज नाही, फ्यूज आणि मेन रिले तपासा. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) चावी ओळखत नाही, दुसरी चावी लावून बघा. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) किंवा त्याची वायर. पावसाळ्यात शेतघराजवळ उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, ते बोनेट उघडल्यावर नीट बघा.

मग डिझेल. फिल्टर बदलल्यावर, टाकी कोरडी झाल्यावर किंवा कमी डिझेलवर चोर्ल्यासारख्या घाटात चढावर उभी केल्यावर लाईनमध्ये एअर धरते. फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, ४०-५० वेळाही दाबावा लागतो. कितीही दाबून मऊच राहिला तर टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी हवा ओढली जातेय. पारदर्शक पाईप असेल तर त्यात बुडबुडे दिसतात. ज्या गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो, तिथे सेल्फ न मारता चावी १० सेकंद ऑन करून बंद करा, असं तीन-चार वेळा. मागच्या सीटखालून पंपाचा घूंऽऽ आवाज आला पाहिजे.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि १५ मिनिटं ठेवा. पाणी जड असल्याने तळाला बसतं, रेघ स्पष्ट दिसते. खानापूरच्या पावसात उघड्यावरच्या कॅनमधून आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या पिंपातून डिझेल कारमध्ये ओतलं जातं. ट्रॅक्टरचा जुना पंप ती घाण बराच काळ सोसतो. कॉमन रेलच्या गाड्यांत सगळ्या इंजेक्टरना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलना) एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाचं डिझेल मिळतं; या इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तिथे तीच घाण हजारोंचं काम काढते. पिंपातलं डिझेल कारला घालू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

गरम झाल्यावर धरत नाही, थंड झाल्यावर धरते

निपाणीला चहाला थांबलो आणि नंतर गाडी सुरूच होईना, ही तक्रार याच प्रकारची. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीत) जास्त गळतं, त्यामुळे रेलमध्ये दाब उभा राहत नाही. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाब लागतो. तो येईपर्यंत ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर आम्ही हाच आकडा आधी बघतो. दाब कमी असेल तर चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावतो. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भरभर भरली तर दोषी तोच. चारही सारख्या आणि कमी भरत असतील तर दोष जास्त दाबाच्या पंपात, त्यावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हमध्ये (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) किंवा रेलच्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये (जादा दाब सोडणारा). ही टेस्ट न करता चारही इंजेक्टर बदला असं कोणी म्हटलं तर आधी बाटल्या दाखवायला सांगा. क्रँक सेन्सरही गरम झाल्यावर असाच दगा देतो, पण तेव्हा आरपीएमचा काटा पडलेला दिसतो.

हे करू नका

जुन्या गाड्यांत इंजेक्टरचा पाईप सैल करून डिझेल येतंय का बघायची सवय होती. कॉमन रेलमध्ये हे कधीही करू नका. चालू इंजिनात रेलमध्ये १५०० बारच्या पुढे दाब जातो, आणि ती बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जा आणि आत डिझेल गेलंय असं डॉक्टरांना सांगा.

स्टार्ट स्प्रे एअर फिल्टरमध्ये मारू नका. तापलेल्या हीटर प्लगवर तो अवेळी पेटतो आणि पिस्टन, रिंगा फुटू शकतात. ढकलस्टार्टचाही उपयोग नाही. डिझेल पोचतच नसेल तर ढकलून काय होणार?

फोन करताना

मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण एवढं नक्की सांगा: गाडीचं मॉडेल आणि साल, धूर येतो का आणि कोणत्या रंगाचा, कोणते दिवे लागतात, गाडी गरम होती की रात्रभर उभी होती, फिल्टर कधी बदलला, शेवटचं डिझेल कुठे भरलं. बाटलीत काढलेलं डिझेल फेकू नका, गाडीबरोबर पाठवा.