गिअर वरचा, आरपीएम कमी: पेट्रोल वाचते कुठे?

गोव्यातल्या वेर्णाच्या पठारावर सपाट रस्त्याने ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या छोट्या मोटारीला टायरचे घर्षण आणि हवेचा रोध मोडायला पाच-सहा अश्वशक्ती पुरते. बॉनेटखालचे इंजिन मात्र ऐंशीच्या आसपास अश्वशक्तीचे असते. अ‍ॅव्हरेजचा सगळा प्रश्न या तफावतीत आहे.

पेट्रोल इंजिनाची ताकद कमी ठेवायची तर थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद ठेवून आत जाणारी हवा अडवावी लागते. तोंडावर रुमाल आवळून धावताना छातीला पडतात तसे कष्ट मग पिस्टनला प्रत्येक शोषणाच्या वेळी पडतात आणि पेट्रोल त्यातच जळते. शिवाय दर फेऱ्यामागे पिस्टन रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्हचे घर्षण असतेच. त्याच ६० च्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २९०० च्या घरात, तर पाचव्यात १८०० च्या आसपास असतो. फेरे कमी झाले की तेवढीच ताकद काढायला झडप जास्त उघडावी लागते, आणि दोन्ही तोटे एकदमच घटतात. म्हणून खालच्या गिअरमध्ये पाय हलका ठेवण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये पेडल थोडे जास्त दाबणे स्वस्त पडते. वेग घेतानाही तसेच: पेडल अर्ध्याहून थोडे जास्त दाबा आणि २०००-२५०० आरपीएमला गिअर बदला. पेडल तळाला टेकवू नका, कारण तिथे बरीच इंजिने मिश्रणात जादा पेट्रोल सोडतात.

याला खालची मर्यादा आहे. फर्मागुडीच्या चढावर टॉप गिअर तसाच ठेवला तर आरपीएम १२००-१३०० वर येतो, गाडी थरथरते, इंजिनातून टकटक ऐकू येते. सिलिंडरमधले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच पेटल्याचा तो आवाज. ते टाळायला इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, ताकद घटते आणि वाचवलेले पेट्रोल तिथेच जाते. टर्बो पेट्रोल इंजिनात तर पिस्टनलाही धोका असतो. पेडल दाबूनही वेग वाढत नसेल तर लगेच एक गिअर खाली घ्या. डिझेलमध्ये हवा अशी अडवलेली नसते; तिथे फायदा मुख्यतः घर्षणाचा. गिअर नसलेल्या स्कूटरवर हा निर्णय व्हेरिएटर (वेगाप्रमाणे आपोआप गिअर बदलत राहणारी पुली) घेतो, आपल्या हातात फक्त मूठ.

चोर्ला घाटातून केरीकडे उतरताना अनेक जण गाडी न्यूट्रलला टाकतात. इंजेक्शनच्या गाडीत हे उलटे पडते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल लागते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला तर चाकेच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टर पूर्ण बंद होतात. शिवाय ब्रेक तापत नाहीत. वळणांवर दुसरा किंवा तिसरा गिअर ठेवा आणि क्लच घाईने दाबू नका. आरपीएम साधारण १२०० च्या खाली गेला, की पेट्रोल पुन्हा सुरू होते.